खालच्या मजल्याचा वॉल

भाडेकरणीनं घर सोडावं म्हणून मी तिचं पाणी बंद केलं. गच्चीवरच्या टाकीखाली तिच्या नळाचा वॉल होता. तो गच्च आवळला आणि पदराला हात पुसत खाली आले, जणू किल्लाच जिंकला. तेव्हा मी साठी ओलांडलेली कोवळी पोरगी होते. अक्कल यायला अजून अवकाश होता.

यात थोडा वाटा क्वार्टरच्या सवयीचा. आमचं आयुष्य इकडे हिंदी मुलखात, प्लांटच्या क्वार्टरमध्ये गेलं. मुदत संपूनही क्वार्टर सोडलं नाही की पाणी-लाइट कापतात, हे आम्ही बायका पापड वाळवता वाळवता ऐकत आलेलो. घर रिकामं करून घ्यायची दुसरी काही रीत असते, हे डोक्यातच नव्हतं. हे रिटायर झाल्यावर आम्ही जवळच्याच जुनवानीत घर बांधलं. वर हवा येते म्हणून मी हौसेनं वरचा मजला घेतला आणि खालचा एका शिवणकाम करणाऱ्या बाईला दिला. ती आमच्यासारखीच नागपूरकडची, नवरा रेल्वेत, महिन्यातले निम्मे दिवस लाइनवर. "राह्य तुले राहाचं तितके दिवस," असं मीच म्हटलं होतं. बोलायला माझं काय जात होतं.

मग यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. चौघांनी खुर्चीत बसवून वर आणलं, ते आणलंच. नाक्यावरचा चहा सुटला, चहाबरोबर दोस्तही सुटले. दिवसभर गॅलरीतून खालचा रस्ता पाहत बसायचे. त्यांना जमिनीवर आणायचं तर खालचा मजला हवा होता. बाई म्हणाली, लग्नसराईचे ब्लाउज हातात आहेत, गिऱ्हाइकांना हाच पत्ता माहीत आहे, जमणार नाही. म्हणून वॉल.

ती रडली नाही की ओरडली नाही. रिकामी बादली घेऊन वर आली आणि माझ्या दारात मधोमध ठेवली.

"काकू, हे बादली इथंच राहीन. भाडं तुमाले देतो, तं पाणी बी तुमीच द्यान."

"माह्याच घरात मले बादली दाखवून राहिली?"

"घर तुमचंच हाये. पाणी कापाचा हक कोणं देल्ला तुमाले?"

थोड्याच दिवसांत भाडे नियंत्रकाच्या कार्यालयातून मला बोलावणं आलं. तक्रार तिनं केली होती. मी इस्त्रीची साडी नेसून गेले. म्हटलं, आजारी नवऱ्याचं ऐकून साहेब विरघळेल. साहेबानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माताजी, पहले पानी चालू कीजिए। घर भी मिल सकता है, मगर कायदे से।"

मग त्यानं कायदा समजावला. स्वतःला राहायला जागा हवी असेल तर तसं कारण लिहून नोटीस द्या. कायद्यातली मुदत जाऊ द्या. तोवर भाडं घ्या, पावती द्या, पाणी-लाइटला हात लावू नका. तरी सोडलं नाही तर इथं अर्ज करा. दोघींचं ऐकून आदेश निघेल.

दुसरी एखादी असती तर मान खाली घालून निघाली असती. मी म्हटलं, "चालू करती हूँ साहब। लेकिन नीचे का घर लेकर रहूँगी, आपके ही कायदे से।" साहेब हसला की खोकला, ते कळलं नाही.

नोटीस रजिस्टर पोस्टानं पाठवली. पोस्टातली बाई दोन्ही पत्ते पाहून म्हणाली, "घर तो एक ही है अम्मा, आवाज दे देतीं।" म्हटलं, आवाज देऊन झाला, म्हणून तर तुझ्याकडे आले.

मुलगा पुण्याहून फोनवर शिकवायला लागला, "आई, ती बाजारात गेली की कुलूप बदलून टाक."

"मूर्खपणाचा माह्या वाट्याचा कोटा पुरा झाला. आता तू सुरू नको करू."

गल्लीतल्या एकानं, सामान बाहेर काढायला माणसं पाठवतो म्हटलं. त्याला मी चहासुद्धा विचारला नाही. हट्टालाच पेटले होते. घेईन तर कायद्यानं घेईन, आणि कोणाच्या उपकारावर घेणार नाही. रोज सकाळी गच्चीवर जाऊन वॉल उघडा आहे ना, ते पाहायचे. खाली तिची मशीन धडधडायची, वर हे गॅलरीत.

मुदत संपली. ती हलली नाही. मी अर्ज केला. तारखेला आम्ही दोघी एकाच ऑटोत जायचो; कज्जा असला म्हणून काय वेगळा ऑटो करायचा? वाटेत ती माझ्या ब्लाउजच्या बाहीला नावं ठेवायची, "हे कोणं शिवलं काकू, मले आणून द्याचं असतं." शेवटी तिनं लग्नसराईपुरता वेळ मागितला. मी म्हटलं, द्या. आदेश तसाच निघाला, आणि दिलेल्या तारखेला तिनं घर झाडून, पुसून किल्ली माझ्या हातात ठेवली.

हे खाली आले. काठी टेकत नाक्यापर्यंत गेले, चहा प्याले आणि चहा पांचट होता म्हणून कुरकुरत परतले. त्याच संध्याकाळी ती मशीनचं राहिलेलं स्टूल न्यायला आली. मी विचारलं, नवं घर कसं आहे. स्टूल बगलेत मारून ती म्हणाली,

"काकू, भाडं मंग इचारलं मी. पयले गच्चीवर जाऊन पाह्यलं, वॉल कोणाच्या हातात हाये."