बंडी उतरवण्याचा हुकूम

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी दुपारी आमचे उस्ताद अकोल्याला गेले. ते असते तर कौसल्या वाचली असती, असं लोक अजून म्हणतात. उस्तादांनी जे सांगायचं ते महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं. मला ते पाठ होतं. म्हणून हे लिहिताना मला राग येतो, आणि तो फक्त इन्स्पेक्शनला आलेल्या, पथकावरच्या मोठ्या साहेबांचा येत नाही.

चीनच्या लढाईनंतर अमरावतीला आम्हा बायकांचं एक पथक उभं केलं होतं. माझ्या सेक्शनमध्ये दहा जणी होत्या. मी चौथी शिकलेली, रोल कॉल वाचता येत होता, म्हणून मला सेक्शन कमांडर केलं. उस्ताद म्हणजे फौजेतून रिटायर झालेले हवालदार, मूळचे अकोल्याचे. पीटी, परेड, रायफल, सगळं तेच शिकवायचे.

पहाटे पाच वाजता फॉल-इन. पाच वीसला दौड. अकोल्याच्या रस्त्याने एक मैल जायचं, एक मैल यायचं. पौषातली थंडी, उत्तरेचा वारा. पीटीला पांढरा सलवार-कमीज, आणि तो प्रत्येकीला एकच जोड. रोज धुवायचा, आणि हिवाळ्यात तो पहाटेपर्यंत वाळायचा नाही. बऱ्याच जणी तो ओलसरच घालून यायच्या. वरून घरातलं जे असेल ते. कोणाचा नवऱ्याचा स्वेटर, कोणाची शाल. कौसल्याची बंडी होती. लाल छिटाची, आत कापूस भरलेली. तिच्या आईने वेचणीतला उरलेला कापूस पिंजून शिवली होती. कौसल्याचे घरचे लोक शहराबाहेर भाजी पिकवत. तिला पोलिसात भरती व्हायचं होतं. आमच्या पथकातून चार जणींची शिफारस जाणार होती आणि ती साहेब इन्स्पेक्शनला ठरवणार होते.

उस्ताद सांगत, "पोरीहो, पयले चाला, मंग पया. कान बांधा. तोंड मिटून नाकानं श्वास घ्या. रस्त्याच्या उजव्या अंगानं राहा, म्हंजे समोरून येणारी गाडी दिसते."

त्या दिवसांत कापसाच्या गाड्या अंधारात सरकी काढणाऱ्या जिनाकडे निघालेल्या असायच्या. कंदील नाही, गाडीवान झोपलेला. एकदा एक गाडीवान जागा निघाला.

"काय वो बायाहो, कोन्या चोराच्या मांगं लागल्या?" तो ओरडला.

"तुमच्याच गाडीत झोपला होता, आत्ताच उठला!" कौसल्या पळता पळता म्हणाली. आमची रांग हसून मोडली. उस्तादांनी सगळ्यांना एक फेरी जास्त दिली.

उस्तादांचं शेवटचं वाक्य रोज तेच असायचं. "थंडी पयताना मारत नाई. थांबल्यावर मारते. घाम आला का उभं राहाचं नाई, पयले आंगावर कोरडं घ्या."

इन्स्पेक्शनच्या दिवशी कौसल्याला तीन दिवसांचा खोकला होता. रिपोर्ट सिक कर, आजारी म्हणून नाव दे, मी म्हटलं.

"आजच सिक झालो तं साहेब माहं नाव घेईन काय?" ती म्हणाली.

पाच वाजून दहा मिनिटांनी साहेबांचा शिपाई सायकलवर आला. निरोप होता: साहेब सव्वासहाला येतील, दौड संपवून रांग तयार ठेवा, अंगावर फक्त वर्दी पाहिजे, रंगीबेरंगी कपडे चालणार नाहीत.

मी हुकूम पुढे दिला. सगळ्यांनी शाली, स्वेटर काढून झेंड्याच्या खांबाजवळ ढीग केला.

"कौसल्ये, बंडी काढ."

"काढतो न वो. पयून झाल्यावर घालू देशीन?"

"देईन."

तिने बंडी काढली, घडी करून ढिगावर ठेवली. तिचा कमीज पाठीवर ओला होता. मी पाहिला.

सहा वाजता दौड संपली. सगळ्या घामाने भिजलेल्या. मी रांग लावली. सव्वासहा झाले. साडेसहा झाले. साहेब नाहीत. मैदान उघडं, वारा सरळ अंगावर. ढीग दहा पावलांवर.

पावणेसातला कौसल्या समोर बघतच हळू म्हणाली, "शांते, आता देते का?"

"साहेब येतच असतीन. उभी राय."

सातला तिचे दात वाजत होते, मला चार जणींपलीकडून ऐकू येत होतं. सव्वासातला आवाज थांबला. मी समजले, उन्हं आली, बरं वाटलं असेल. घामाने भिजलेल्या माणसाचं कापणं असं आपोआप थांबतं तेव्हा ते बरं वाटणं नसतं. हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

सात चाळीसला जीप आली. साहेबांच्या अंगात गुडघ्यापर्यंतचा लोकरी कोट होता, हातात मोजे होते. रांगेतून चालत ते कौसल्यासमोर थांबले.

"नाव?"

तिला नाव नीट सांगता आलं नाही. जीभ जड झाली होती.

"ही काय झोपेतून उठून आली?" साहेब मला म्हणाले.

मी तोंड उघडायच्या आत ती पडली.

सरकारी दवाखान्यात पाचव्या दिवशी ती वारली. न्यूमोनिया. चार नावांची शिफारस त्याच आठवड्यात गेली. त्यात माझं होतं. मी ते खोडायला लावलं.

उस्ताद परत आले तेव्हा मी मैदानावर एकटीच होते.

"पोरीले उभी ठेवली?"

"हुकूम होता, उस्ताद."

"हुकूम उभं राहाचा होता. हात-पाय हालवू नोका असा होता काय? कदमताल काहून नाई घेतला?"

कदमताल म्हणजे जागच्या जागी पावलं टाकणं. पहिल्याच दिवशी शिकवलेलं. जीप लांबून दिसली असती तेव्हा थांबवता आलं असतं.

ढिगातली बंडी मी तिच्या आईकडे नेऊन दिली. म्हातारी वांग्याच्या वाफ्याला पाणी देत होती. तिने बंडी हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली.

"हे तिच्या आंगात काहून नोयती वो बाई?"

"म्या काढाले लावली."

तिने पाण्याचं दार दुसऱ्या वाफ्याला वळवलं.

पुढच्या हिवाळ्यात तेच साहेब, तोच निरोप. मी सेक्शनला शाली काढू दिल्या नाहीत. साहेब येईपर्यंत कदमताल चालू ठेवला. साहेबांनी लेखी विचारलं. मी लेखी कळवलं की मागच्या वर्षी वर्दी एकसारखी दिसली होती, ते त्यांनी आठवून पाहावं. महिन्याने माझं नाव पथकातून कमी झालं.

आता गल्लीतल्या सुना थंडीत पळायला जातात. पळून आल्यावर फाटकाशी तशाच घामात उभ्या राहून गप्पा मारतात. मी ओरडते. म्हातारी खेकसते, असं म्हणतात. म्हणोत. घरात जाऊन कपडा बदला, मग हवं तेवढं बोला.

पथकाने पुढे एक फळा लावला, ड्युटीवर असताना वारलेल्यांच्या नावांचा. कौसल्याचं नाव घाला म्हणून मी तीनदा अर्ज केला. उत्तर आलं, मृत्यू दवाखान्यात झाला, मैदानावर नाही. नियमात बसत नाही.

म्हणून इथे लिहिते. कौसल्या. सेक्शन नंबर दोन, डावीकडून तिसरी. दौड पूर्ण केली. एक तास चाळीस मिनिटं उभी राहिली. अंगात बंडी नव्हती, कारण मी काढायला लावली आणि परत दिली नाही.