इंजिन ठणठणीत, विमान बंद

माझे बाबा स्वारगेटजवळच्या एका गाळ्यात स्कूटरचे मीटर दुरुस्त करतात. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. विमान देखभालीचा कोर्स करते, म्हणजे नेमकं काय करते, हे आईला वारज्यातल्या शेजारणींना अजूनही नीट सांगता येत नाही.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी लहान विमानांतलं नवं कॉकपिट निवडलं. जुन्या विमानात वेगाचं एक, उंचीचं एक अशी काट्यांची गोल यंत्रं असतात. नव्यात त्या सगळ्यांच्या जागी दोन मोठे पडदे. मी निष्कर्ष लिहिला होता : हलणारे भाग कमी, म्हणून पुढची वीस वर्षं खर्चही कमी.

एका रविवारी तो बाबांना वाचून दाखवला.

"झ्याक हाय," ते म्हणाले. "पण कंपनीनं पार्ट द्यायचं बंद केलं तर?"

"बाबा, विमान आहे हो ते. स्कूटर नाही."

त्यांनी चहाचा कप उचलला. मला वाटलं, त्यांना पटलं.

तोंडी परीक्षा सोमवारी होती. काळ्या पुठ्ठ्यात बांधलेला, सोनेरी अक्षरांचा प्रोजेक्ट गुरुवारी हातात आला. तो मार्गदर्शक सरांना दाखवायला कॉलेजच्या हँगरमध्ये, विमानांच्या शेडमध्ये गेले, तर आमच्या पडदेवाल्या विमानाभोवती सगळे जमलेले. डावा पडदा काळा पडला होता. उजव्यावर आणीबाणीपुरतं दिसतं, पण तेवढ्यावर उड्डाणाची परवानगी नाही.

सर कंपनीला केलेला फोन ठेवून आले. पडद्याचं ते मॉडेल बंद झालं होतं, दुरुस्तीही बंद. नवा पडदा जुन्या जोडण्यांवर चालत नाही. तो घ्यायचा तर सेन्सर, वायरिंग, ऑटोपायलट सगळंच नवं, वर त्याची वेगळी मंजुरी. एवढ्या खर्चात असं दुसरं जुनं विमान आलं असतं.

"पण सर, इंजिन?"

"ठणठणीत आहे. आपण आता त्याचा आवाज ऐकत बसायचं." मग त्यांनी माझा प्रोजेक्ट चाळला. "किती टापटीप लिहिलंय. विमानाने वाचलं असतं, तर बंद पडलं नसतं."

कुणीतरी हसलं. मला हसू येईना. शेजारी काट्यांचं जुनं विमान उभं होतं. मागच्या महिन्यात त्याचं उंचीचं यंत्र बिघडलं, सरांनी चार स्क्रू काढून दुसरं बसवलं आणि तपासणी होऊन ते पुन्हा उडलं. हे मीच प्रोजेक्टमध्ये लिहिलं होतं, 'जुन्याचे तोटे' या मथळ्याखाली.

तिथून थेट बाबांच्या गाळ्यावर गेले आणि झालेलं सगळं बोलून टाकलं. वाटलं होतं, म्हणतील, सांगितलं नव्हतं का? पण त्यांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"इंजिनाला काय झालंय?"

"काहीच नाही."

"पंख?"

"चांगले आहेत."

"आणि उडायचं न्हाई?" ते माझ्याकडे बघतच राहिले. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. "चांगलं इंजिन, पोरी?"

प्रोजेक्ट पुन्हा बांधून घ्यायला वेळ नव्हता. मी निष्कर्षाच्या वाक्यावर पेनाने सरळ रेघ मारली आणि समासात लिहिलं : पडदा बनवणारा किती वर्षं सुटे भाग देणार, हे विचारल्याशिवाय खर्च कमी म्हणता येत नाही. सोनेरी अक्षरांच्या प्रोजेक्टमध्ये ती रेघ फार वाईट दिसत होती. नापास करतील, असंच वाटत होतं.

सोमवारी बाहेरून आलेले परीक्षक त्याच पानावर थांबले.

"बांधून झाल्यावर खोडलंत?"

"हो सर. चुकलं होतं."

"आणि हा समासातला प्रश्न कुठल्या पुस्तकातला?"

"पुस्तकातला नाही, सर. माझ्या वडिलांचा आहे. ते स्कूटरचे मीटर दुरुस्त करतात."

त्यांनी शेवटचं पान उघडून संदर्भसूचीवरून बोट फिरवलं.

"मग ते इथे का नाहीत?"

त्यांनी प्रोजेक्ट तसाच उघडा माझ्याकडे सरकवला. मी पेन काढलं आणि सूचीच्या खाली बाबांचं पूर्ण नाव लिहिलं.