ताईंचा हात

धाराशिवमधल्या ज्या लॅबमध्ये मी कॉलेज सुटल्यावर काम करते, तिथं शिकाऊ मुलीला पेशंटच्या हाताला सुई लावू देत नाहीत. आधी लॅबमधल्याच कुणीतरी आपला हात पुढं करायचा आणि त्यावर शिकवायचं, अशी रीत. मला तिथल्या जुन्या ताई शिकवणार होत्या. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. रक्त काढता आलं नाही, तर प्रात्यक्षिकात नापास होणार होते.

दुपारी आम्ही दोघी एकत्र जेवायचो. ताईंचं घर मेंढपाळांचं, आमची बेंबळीकडं शेती. आरक्षणाचं आंदोलन पेटलं तेव्हा 'आम्हालाही ओबीसीतूनच आरक्षण पाहिजे' असं भावानं पाठवलेलं एक स्टेटस मी मोबाइलवर ठेवलं. गावात सगळ्यांनीच ठेवलं होतं. ताईंनाही ते दिसेल, हे डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "आमच्या ताटातलं पायजे व्हय तुमाला? काय वाढलंय त्यात ते तरी बघ आधी."

"ताई, तसं नव्हतं म्हणायचं."

"मग कसं?"

मी स्टेटसमधलंच पुन्हा सांगायला लागले. आवाज वाढले. बाकावरचे पेशंट बघायला लागले, तसे लॅबचे डॉक्टर बाहेर आले. "आजपासून इथं हा विषय बंद," म्हणाले.

विषयाबरोबर बाकीचंही बंद झालं. ताई आधीच जेवून घ्यायच्या. शिकवण्याचं नाव नाही. डॉक्टरांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. पेशंटसमोर तसलं भांडण बरं नव्हतंच. पण ताईंचं म्हणणं काय होतं, ते मला अजून कळलं नव्हतं.

परीक्षा जवळ आली. एकदा लॅब रिकामी बघून मी विचारलं, "ताई, ताटात काय वाढलंय म्हणत होता?"

त्यांनी डॉक्टरांच्या दाराकडं बघितलं. मग हळूच सांगायला लागल्या. त्यांचा भाऊ मेंढरांमागं गावोगाव फिरतो, त्यामुळं पोरांची शाळा दरवर्षी सुटते. मीही माझ्या भावाची भरती थोडक्यात कशी हुकली ते सांगितलं. बराच वेळ बोललो.

"तुझं काय न्हाय पटलं बघ मला," ताई म्हणाल्या.

"मलाही तुमचं सगळं नाही पटलं."

"बरं. दंडाला पट्टा बांध." त्यांनी बाही वर सारली.

पहिल्यांदा सुई टोचली, पण शीर सापडलीच नाही.

"गाववाल्यांनी पाठवलंय व्हय गं तुला, माझ्यावर सूड उगवायला?" असं म्हणत त्यांनी दुसरा हात पुढं केला.