अंबूमावशीने देवळात मांडलेलं गाव

टाकवे बुद्रुकच्या अंबूबाईला मी मावशी म्हणते. आमच्या घरांना भिंत एकच. वय सत्तरीपुढे, अक्षरओळख नाही, आणि हट्टी इतकी की देवीलाही दरडावील. गायरानातला मुरूम लोकांनी उपसून नेला तेव्हा मागे उघडा माळ उरला होता. तिथे हिने दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत वाढवलेली जांभळं, करंज, उंबर लावले. पंधरा वर्षं डोक्यावरून हंडे वाहून ते जगवले. आता खालचा झरा वैशाखातही आटत नाही.

यंदा ग्रामसभेपुढे ठराव आला, की गायरान शेजारच्या नव्या रिसॉर्टला गाड्या लावायला द्यावं. सरपंच अतुल तिला समजवायला घरी आला.

"मावशे, झाडं काय, दुसरीकडं लावू."

"तुजं घर उचल आन दुसरीकडं ठेव की. त्याला तर मुळंबी न्हाईत."

सभा दुपारी, देवीच्या सभामंडपात. सकाळी मी फुलं घेऊन गेले, तर मावशी ओणवी होऊन रांगोळी घालत होती. तांदळाचं पीठ, कोळशाची पूड, वाळल्या पानांचा चुरा. पायरीपासून गाभाऱ्यापर्यंत आमचं गाव, पण अजून व्हायचं असलेलं. छपरांवर सोलरच्या काळ्या पाट्या, गोठ्यांमागे गोबरगॅस, झऱ्याकाठी भाजीचे वाफे, गायरानात झाडंच झाडं. शेवटी तिने सगळ्यावर हळदीकुंकू वाहिलं. मी हात जोडले. आता त्यावर पाय कोण ठेवणार?

दुपारी खुर्च्या बाहेरच राहिल्या. रिसॉर्टचा माणूस बूट काढून आत निघाला, तसे हौशीरामआबा ओरडले, "ओ सायेब! हळदीकुंकू वाह्यलंय, दिसत न्हाई व्हय?"

अतुल वैतागला. "मावशे, पुसून घे ते."

"तूच पूस. देवीम्होरं पूस."

त्याने देवीकडे पाहिलं आणि पाय मागे घेतला. लोक कडेकडेने उभे राहिले आणि बघू लागले. सविता म्हणाली, "माज्या छपरावर सोलर का न्हाई, मावशे?"

"तुजा नवरा गळकं पत्रं बदलंल तवा काढीन."

हशा झाला. हौशीरामआबांना त्यांचा गोठा लय बारीक वाटला.

"मोटा काढते आबा, पर शेण समद्यांच्या गॅसला द्यायचं."

मग झऱ्याचं पाणी आधी कुणाच्या वाफ्याला, यावरून खरीखुरी भांडणं जुंपली. रिसॉर्टच्या माणसाच्या हातातली रंगीत पत्रकं तशीच राहिली.

"आरं, समदं रांगोळीतलं हाय ह्ये!" अतुल ओरडला. "कवा व्हायाचं?"

"माळावर पयलं रोप लावलं तवाबी तू असाच हसला व्हतास," मावशी म्हणाली. "जा, त्या जांभळाला मिठी मारून ये. हात पुरत्यात का बघ."

ठरावाच्या बाजूने चार हात वर झाले. विरोधात इतके, की ग्रामसेवकाने मोजणं सोडून दिलं.

"बरं, हा ठराव म्होरच्या सभंला पुन्यांदा मांडू," असं म्हणत अतुल उठला. ग्रामसेवक वही मिटू लागला. मावशीने वहीवर हात ठेवला.

"मिटू नगा. गायरान झाडालाच ऱ्हाईल, आसं लिवा आदी."

कोणी विरोध केला नाही. त्याने लिहिलं. मावशीने ते दोनदा मोठ्याने वाचायला लावलं आणि अतुलपुढे वही सरकवली.

"कर सही. तवर देवळाबाहेर कुनी जायाचं न्हाई."

मी दाराशीच उभी होते. मीही बाजूला झाले नाही.