प्लास्टर थोपटणारा माणूस

मोडलेल्या हाताच्या कामगाराला मी कामासाठी फिट ठरवलं. कामावर जखमी झालेल्यांचे दाखले डॉक्टरांनी आता कॉम्प्युटरवरच भरायचे, अशी नवी सूचना आली होती. ती न वाचताच मी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी तो रोह्याहून माझ्या पेणच्या दवाखान्यात आला, बायकोला घेऊन. त्याचं नाव आज आठवत नाही. मांडीवर तान्ह्या बाळासारखा ठेवलेला प्लास्टरचा हात तेवढा आठवतो. त्याला तो सारखा थोपटत होता.

"कंपनीतून फोन आलाय, उद्या शिफ्टला या. नाय गेलो तर घरी बसवतील."

मी भराभर बटणं दाबली. दुरुस्तीचं पान उघडेना आणि मदतकेंद्राचा फोन नुसतंच संगीत ऐकवत राहिला.

"व्हईल डॉक्टर, घाबरू नका," तो मला धीर देई, आणि प्लास्टर आणखी जोरात थोपटे. घाबरला होता तो.

संध्याकाळी एकदाची दुरुस्ती मंजूर झाली. मी ऐटीत स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

बायको पदर खोचत उठली. "पुढच्या येळेला बटण यांनाच दाबू द्या. यांचा एक हात तरी धड हाय."