कवायतीच्या बाई

"कोणी सांगितलं?"

कवायतीच्या तासाला एखादी मुलगी "बाई, मला नाही जमणार" म्हणाली, की आमच्या बाईंचा हा प्रश्न ठरलेला. पदर कमरेला खोचलेला, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. मुलगी गोंधळून म्हणे, "कोणी नाही, बाई. मलाच माहीत आहे."

पन्नासच्या दशकात मी मुलुंडच्या त्या शाळेत मराठी शिकवत असे. माझा वर्ग मैदानाला लागून, त्यामुळे बाईंचा तास खिडकीतून दिसायचा. तुम्हीही पाहिलं असेल, घरात कोणीतरी "ही नाजूक", "ही धांदरट" म्हणून ठेवतं आणि पोर तेच धरून चालते. एक मुलगी तर शर्यतीत शिट्टी वाजली की आधी इतरांना पुढे जाऊ द्यायची.

"अगं, वाट कसली बघतेस?" बाई ओरडत.

"त्या पुढे जाणारच ना, बाई!"

पण बाईंना खरं जेरीला आणलं ते शकूने. सातवीतली, मालवणकडच्या घरातली. लहानपणी तिला टायफॉइड झाला होता, तेव्हापासून आई तिला अशक्त म्हणे आणि शकूही स्वतःला तेच म्हणे. उंच उडीच्या दोरीपाशी धावत येई, थबके आणि वाकून खालून पलीकडे जाई.

एका सकाळी बाई तणतणत शिक्षकांच्या खोलीत आल्या. "शकूला पाहिलं आत्ता. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या, आणि चाळीचा जिना सरसर चढली! मी म्हटलं, अगं, केवढी ताकद आहे तुझ्यात! तर म्हणते, 'तां काम आसा, बाई. तेका ताकद खंय लागता?'"

मी हसले. बाई हसल्या नाहीत.

त्यानंतर शाळा सुटल्यावर त्या तिला थांबवून घेऊ लागल्या. आई भांडायला आली, "पोरीक काय झाला तर?" बाईंनी तिलाही मैदानाच्या कडेला बसवून घेतलं. दोरी बोटाबोटाने वर चढत गेली.

स्पर्धेच्या दिवशी शकू धावत आली आणि कोणालाच न जमलेली दोरी तिने साफ ओलांडली. मुलींनी एकच गिल्ला केला. बाईंनी धावत जाऊन तिचे खांदे धरले.

शकूचा चेहरा पांढराफटक. "चुकून झालं, बाई."

"मग परत मार उडी."

"नको. आता नाही व्हायचं." आणि ती आईजवळ जाऊन बसली.

बाई माझ्यापाशी आल्या. रागाने डोळे भरले होते. "उडी मारूनही मानत नाही हो! आता हिला आणखी काय दाखवू?"

त्याच उन्हाळ्यात शाळेच्या समितीत मुलींची कवायत बंद करून शिवण सुरू करायची टूम निघाली. मी बाईंना म्हटलं, "समितीपुढे तुम्हीच बोला. शकूची उडी सांगा."

त्या बुटांची नाडी बांधत राहिल्या. "मला नाही हो चारचौघांत बोलता येत. तोंडच उघडत नाही."

"अहो, प्रयत्न तरी करा!"

"नाही. माझं मला माहीत आहे."

अशी चीड आली म्हणून सांगू! दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही. शेवटी समितीपुढे मीच उभी राहिले, पण कवायतीतलं मला काय कळत होतं? चहा यायच्या आत विषय निकालात निघाला.

जूनमध्ये बाई आल्या नाहीत. घाटकोपरला कुठे दिसल्याचं कोणीतरी म्हणालं, तेवढंच. कवायतीच्या तासाला आता मुली वर्गात बसून रुमालाला टीप घालत.

एकदा मी वर्गावरून जात होते. शकू शेजारच्या नव्या मुलीला सांगत होती, "गेल्या वर्षी मी सगळ्यांच्या वर उडी मारलेली."

"खरंच? किती वर?"

शकूने सुई खाली ठेवली आणि हात खांद्यापर्यंत नेला. दोरी खरं तर कमरेच्या जराशी वर होती. मी दाराशीच थांबले. नव्या मुलीचे डोळे विस्फारलेले पाहून शकूने हात आणखी थोडा वर केला.