ती बादली मावशीच्या हातात होती

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. तुमच्याजवळ बोलतोय, कारण माझी पत्रकं तुम्ही वाचता — आणि मला खरा माणूस समजता.

बंगल्यांवर राबणाऱ्या आमच्या बायकांवर मी लिहितो. मागच्या दारानं यायचं, चहाचा कप वेगळा, सुट्टी मागितली की उद्यापासून नको. आमच्या पूर्वजांच्या गळ्यात थुंकीसाठी मडकं बांधलं जायचं, हे वाक्य माझ्या प्रत्येक पत्रकात असतं. ते आलं की सभा गप्प होते. ती गप्प होते हे मला ठाऊक असतं — म्हणूनच मी तिथं थोडा थांबतो.

लोणावळ्यात एका बंगल्यावर दुपारी वाइन चाखायचा कार्यक्रम होता. समुद्राकाठी द्राक्षमळा असलेलं एक कुटुंब, आई-बाप आणि मुलगी, आपल्या बाटल्या घेऊन आलं होतं. मुलगी माझ्याबरोबर कॉलेजात होती, तिनं बोलावलं. मी का गेलो? आतून बघून येतो, असं चळवळीतल्या पोरांना सांगितलं. खरं सांगू? मला कुणीतरी खुर्ची द्यावी आणि विचारावं, कशी वाटली — एवढ्यासाठी गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून.

माणसं वाईट नव्हती. तसं लिहिता आलं असतं तर सोपं झालं असतं. बाप म्हणाला, वाऱ्यातलं मीठ द्राक्षाच्या सालीवर बसतं, ते चवीत उतरतं. मला ते जाणवलं, आणि आवडलंही. मग त्यानं रीत सांगितली. घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा, गिळायचा नाही. नाहीतर सहाव्या बाटलीपर्यंत जिभेला काही कळत नाही. थुंकायला स्टीलची बादली होती. टेबलावर जागा नव्हती, म्हणून बंगल्यावरची एक बाई ती हातात धरून पाहुण्यांपुढे फिरत होती.

ती माझी सुमनमावशी होती. आईची सख्खी बहीण. आंदर मावळातून शाळेला वडगावला आलो, तेव्हा सात वर्षं मी तिच्याच खोलीत राहिलो, तिच्याच हातचं खाल्लं. ती लोणावळ्याला कामाला जाते हे माहीत होतं. कुठल्या बंगल्यावर, हे कधी विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या घोटाला ती माझ्यापुढे आली. तिचा चेहरा फुलला. "तू हितं कसा रं? जेवलास का?"

मळेवाल्यानं सहज विचारलं, "तुमच्या ओळखीच्या?"

माझं तोंड वाइननं भरलेलं होतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं — होकारार्थी. मी बोलण्यासाठी तोंड मोकळं केलं. तिच्या हातातल्या बादलीत थुंकलो. आणि म्हणालो, "नाही."

"माझीच चूक, साहेब," मावशी म्हणाली. "आमच्या भाच्यावानी दिसलं." आणि बादली पोटाशी धरून पुढच्या पाहुण्याकडे गेली.

एवढंच असतं तर त्याला भित्रेपणा म्हणता आलं असतं. पण आठवड्याभरात मी पत्रक काढलं. 'लोणावळ्याच्या एका बंगल्यावर आमच्या एका बाईच्या हातात थुंकीची बादली दिली होती. मी ग्लास खाली ठेवला आणि उठून आलो.' उठून? मी सहाच्या सहा चाखल्या. ती बादली आणखी तीनदा माझ्यापुढे आली. मी तीनदा थुंकलो.

वडगावच्या विहारात ते मी मोठ्यानं वाचलं. मडक्याच्या वाक्यावर थांबलोसुद्धा. मावशी पुढच्याच सतरंजीवर बसली होती. तिला वाचता येत नाही. ऐकू चांगलं येतं.

टाळ्या ओसरल्यावर शेजारणीनं तिला विचारलं, "कोन गं ती बाई? तू बी तिकडंच जातीस न्हवं?"

"कुनास ठाव," मावशी म्हणाली. "लय बाया येत्यात तितं."

ते पत्रक अजून वाटलं जातं. मावशी भेटते, बोलते, आईची खुशाली विचारते. जेवलास का, हे विचारत नाही.